उपनगरातील जुन्या घराचा आणि त्यात राहून गेलेल्यांचा इतिहास कसा शोधावा

मुंबईच्या उपनगरातील एखाद्या जुन्या घराविषयी विचारले, की बहुधा एकच वाक्य ऐकायला मिळते: हे घर अमक्या आजोबांनी अमक्या साली बांधले. या एका वाक्यात तीन निराळ्या गोष्टी गुंडाळलेल्या असतात. जमीन कोणाची होती, इमारत केव्हा उभी राहिली आणि तिच्यात प्रत्यक्ष राहिले कोण, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत; त्यांची उत्तरे निरनिराळ्या दप्तरांत आहेत आणि ती एकमेकांशी सहसा जुळत नाहीत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरकारने सांभाळून ठेवली आहेत, कारण सारा आणि घरपट्टी त्यांवर अवलंबून असते. तिसऱ्या प्रश्नाची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. पन्नास वर्षे तळमजल्यावर राहिलेल्या भाडेकरूचे नाव एकाही खरेदीखतात येत नाही, आणि आयुष्यात एक रात्रही त्या घरात न घालवलेल्या मालकाचे नाव प्रत्येक कागदावर असते. म्हणून मालकीची साखळी हाती आली म्हणजे घराचा इतिहास हाती आला, असे समजू नये. ती साखळी केवळ एक दोरी आहे; तिला धरून माणसांपर्यंत जायचे असते.

शोध नेहमी आजपासून मागे जात घ्यावा. ज्या सालाबद्दल घरात दंतकथा आहे तेथून सुरुवात केली, तर पुढचा प्रत्येक कागद त्या दंतकथेला जुळवून वाचण्याचा मोह होतो. आज घरात कोण आहे, त्यांच्या आधी कोण होते, ते कोठून आले आणि कोणाकडून जागा घेतली, असे एकेक पाऊल मागे टाकत गेले म्हणजे साखळी नेमकी कोठे तुटते ते स्पष्ट दिसते.

घरातील पेटी

सरकारी कचेरीत जाण्यापूर्वी घरातील ट्रंका, कपाटाचे वरचे खण आणि देवघराखालचा कप्पा पाहावा. भाडेपावत्या, विजेची बिले, पत्रे, लग्नपत्रिका, शिधापत्रिका, विमा पॉलिसीची पाकिटे, यांतील कोणतीही वस्तू क्षुल्लक समजू नये. तारीख पुसली गेली असेल तरी कागद आपला काळ इतर खुणांनी सांगतो. भाडे रुपये-आणे-पैत लिहिलेले असेल तर पावती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची असते. 'नये पैसे' असा उल्लेख असेल तर ती १९५७ ते १९६४ या सात वर्षांतील किंवा त्यानंतर थोड्याच काळातील, कारण छापील पावतीपुस्तके संपेपर्यंत वापरली जात. पाकिटावर गावाच्या नावापुढे केवळ 'मुंबई ५७' असा दोन अंकी विभाग असेल, तर ते पत्र सहा अंकी पिनकोड रूढ होण्यापूर्वीचे असण्याची शक्यता मोठी असते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि जुनाच विभाग-क्रमांक त्याच्या शेवटी राहिला. विलेपार्ले पूर्वचा ५७ हा ४०००५७ झाला. लग्नपत्रिकेवरील दूरध्वनी क्रमांक आठ आकडी असेल तर ती २००२ च्या आधीची नाही. पावतीवरच्या रेव्हेन्यू तिकिटावर इंग्लंडच्या राजाचा मुखवटा आहे की अशोकस्तंभ, हेही पाहून ठेवावे.

भाडेपावत्यांवर थोडे अधिक थांबावे लागेल, कारण राहणाऱ्याचा लेखी पुरावा म्हणून त्यांच्या तोडीचे दुसरे काही नाही. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ मध्ये आला आणि त्याने आधीपासून भाड्याने दिलेल्या जागांचे प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याला मान्य असलेले भाडे, १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी बांधून टाकले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या व्यवस्थेमुळे एकाच खोलीच्या पावत्या आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्यांच्या नावे, जवळजवळ त्याच रकमेच्या, सलग सापडू शकतात. पावतीवरील नाव बदलले त्या महिन्यापाशी खूण करावी. तेथे बहुधा मृत्यू, वाटणी किंवा पागडीचा, म्हणजे भाडेहक्कासाठी दिलेल्या एकरकमी पैशाचा, व्यवहार असतो, आणि पागडी पूर्वी बहुधा कागदावर येत नसल्यामुळे तिच्याबद्दल माणसांनाच विचारावे लागते. पावत्यांत मध्येच काही वर्षांचा खंड पडला, तर भाडेकरू निघून गेला असा अर्थ लगेच काढू नये. मालकाने भाडे स्वीकारणे थांबवल्यामुळे ते न्यायालयात भरले जात असण्याचीही तेवढीच शक्यता असते, आणि तसे असेल तर दाव्याची कागदपत्रे ही घराच्या अंतर्रचनेची सर्वांत तपशीलवार वर्णने ठरतात. भांडणात माणसे मोरीची लांबी-रुंदीसुद्धा लिहून ठेवतात.

जमिनीचे दप्तर

येथे प्रथम हद्दींचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो, नाहीतर चुकीच्या कचेरीत महिने जातात. माहीम आणि शीव यांच्या पलीकडील प्रदेश म्हणजे जुनी साष्टी. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये निर्माण झाला. त्याआधीचे महसुली कागद ठाणे जिल्ह्याच्या नावाने शोधावे लागतात. महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये अंधेरी-जोगेश्वरी आणि भांडुपच्या बाजूने वाढली, १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली, आणि उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला तो १९९० मध्ये. महानगरपालिकेची हद्द वाढण्यापूर्वी वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी येथे स्वतंत्र नगरपालिका होत्या. दादर, माटुंगा, वडाळा हे भाग बोलण्यात उपनगरासारखे वाटले तरी त्यांचा मार्ग निराळा आहे: १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तेथे आखणी करून भूखंड भाडेपट्ट्याने दिले, आणि ट्रस्ट पुढे महानगरपालिकेत विलीन झाल्यामुळे त्या पट्ट्यांची कागदपत्रे पालिकेच्या मालमत्ता खात्याकडे गेली.

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढणे ही पहिली पायरी होय. त्यासाठी सिटी सर्व्हे क्रमांक लागतो. तो घरपट्टीच्या बिलावर नसला तरी कोणत्याही जुन्या करारात असतो. पत्रिकेवर क्षेत्र, सत्ता प्रकार, 'हक्काचा मूळ धारक' आणि त्याखाली दिनांक, व्यवहार, नवीन धारक व साक्षांकन असे रकाने असतात. मूळ धारक हा शब्द फसवा आहे. नगर भूमापनाची चौकशी झाली त्या वेळी ज्याचा हक्क मान्य झाला तो हा धारक. त्याने घर बांधले असे नव्हे, आणि त्याच्या आधी कोणी नव्हते असेही नव्हे. त्याच्या मागे जायचे असेल तर त्या जागेचा जुना सर्व्हे क्रमांक आणि हिस्सा क्रमांक शोधून तलाठी व तहसील कार्यालयातील जुने सातबारा उतारे आणि फेरफार नोंदी पाहाव्यात. फेरफाराच्या छोट्याशा परिच्छेदात पुष्कळ काही असते: कोण केव्हा वारला, वारस किती, मुलींची नावे लावली की त्यांनी हक्क सोडला, अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचे पालक कोण. एखाद्या नोंदीत संपूर्ण गावाचा खोत किंवा इस्टेटदार आढळला तर दचकू नये. साष्टीत अशा इस्टेटी होत्या आणि त्यांच्या महसूलमाफीविरुद्धचा कायदा १९५१ मध्ये झाला. त्याच सुमारास 'कस्टोडियन' हा शब्द दिसला, तर फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्या मालकाच्या मिळकतीचा तो प्रश्न असू शकतो आणि शोधाला वेगळी दिशा मिळते.

जुन्या नोंदींतील संक्षेप आधी शिकून घ्यावेत. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' आणि 'भ्र.', म्हणजे भ्रतार, यांच्या पुढे पतीचे नाव येते, 'अ. पा. क.' ही अज्ञानाच्या पालनकर्त्याची खूण आहे आणि 'ए. कु. मॅ.' हा एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बऱ्याच नोंदी मोडीत आहेत. मोडी वाचणारा जाणकार गाठावा किंवा स्वतः काही महिने देऊन ती शिकावी, परंतु अर्धवट अंदाजाने वाचू नये, कारण मोडीत आडनावांची गफलत फार सहज होते. सालांचाही हिशेब ठेवावा लागतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. गुजराती वहीतील विक्रम संवतातून ५६ किंवा ५७ वजा करावे लागतात आणि तेथे वर्ष दिवाळीनंतर बदलते. जुन्या महसुली कागदांतील फसली सनात साधारण ५९० मिळवतात.

नोंदणी आणि घरपट्टी

नोंदणी कायदा १९०८ चा आहे, आणि शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री त्यानुसार नोंदवावी लागते. दुय्यम निबंधकाकडील पुस्तक क्रमांक १ मध्ये स्थावराचे दस्त असतात. सूची क्रमांक १ माणसांच्या नावांनी आणि सूची क्रमांक २ मिळकतीच्या वर्णनाने लावलेली असते. शुल्क भरून ती कोणालाही पाहता येतात, यासाठी मालक असण्याची गरज नाही. मृत्युपत्रांच्या पुस्तकाला मात्र हा नियम नाही. अलीकडच्या दशकांच्या सूची संकेतस्थळावर दिसतात. त्याआधीच्या काळासाठी प्रत्यक्ष जाऊन जीर्ण पाने उलटावी लागतात, आणि काही वर्षांची पाने फाटलेली असणार हे गृहीत धरावे.

दस्त हाती आला की बहुतेक जण किंमत आणि नावे वाचून तो मिटून ठेवतात. खरे वाचण्यासारखे असते ते शेवटी, परिशिष्टात. तेथील चतुःसीमेत पूर्वेला कोणाचा बंगला, पश्चिमेला कोणाची वाडी, दक्षिणेला कोणता रस्ता, हे दिलेले असते, आणि शेजाऱ्यांच्या दस्तांतील चतुःसीमेत आपले घर कोणाच्या नावाने येते ते पाहिले म्हणजे स्वतःच्या घराचा हरवलेला दस्तही अप्रत्यक्षपणे सापडतो. विक्रीपेक्षा गहाणखत अधिक बोलके असते. सावकाराला खात्री हवी असल्यामुळे त्यात खोल्या, विहीर, मागील चाळ, झाडे असे सर्व मोजलेले असते. एका दस्तात 'मोकळी जमीन' आणि पुढच्या दस्तात 'त्यावरील बांधकामासह' असा फरक पडला, तर इमारतीचा जन्म त्या दोन तारखांच्या मध्ये धरता येतो.

महानगरपालिकेच्या करनिर्धारण खात्यातील उताऱ्याकडे मी स्वतः सर्वांत अधिक लक्ष देतो. २०१० पर्यंत मुंबईची घरपट्टी भाड्यावर आधारलेल्या करपात्र मूल्याने ठरत असे, त्यामुळे कोणत्या खोलीत कोण राहतो आणि किती भाडे देतो याची पाहणी नोंद पालिका करीत असे. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, इतर कोणीही न दिलेले, करवसुलीच्या निमित्ताने येथे लिहिले गेले. अनेक घरांत १९६१-६२ चा उतारा प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेला आढळतो. निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचे आणि अनिवासी १ एप्रिल १९६२ पूर्वीचे असल्यास परवानगी नसली तरी पालिका ते सहन करते, या नियमामुळे त्या उताऱ्याला इतके मोल आले. मूळ प्रत पालिकेकडे सहज मिळाली नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असे मोघम न लिहिता वॉर्ड, मिळकतीचा क्रमांक आणि वर्षे नेमकी नमूद करावीत.

इमारत स्वतः काय सांगते

इमारतीची साक्ष एकाच अर्थाने घ्यावी: अमुक वस्तू असेल तर तो भाग अमुक सालाआधीचा नाही. मंगळुरी कौले दिसली तर छप्पर १८६५ नंतरचे, कारण बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळूरला त्या वर्षी निघाला. लोखंडी तुळईवर टाटांचा ठसा असेल तर ती १९१२ नंतरची, आणि मिडल्सबरोच्या डॉर्मन लाँगसारख्या ब्रिटिश कंपनीचा ठसा असेल तर ती आयात केलेली. रंगीत सिमेंटच्या नक्षीदार लाद्या उलटून पाहण्याची संधी मिळाली तर मागचे नाव वाचावे. भारत टाइल्सची स्थापना १९२२ ची आहे. पण लादी बदलता येते, कौले बदलतात, तुळई दुसऱ्या पाडलेल्या घरातून आणलेली असू शकते. म्हणून भिंतीची जाडी, चुन्याचा गिलावा की सिमेंटचा, जिना मूळचा की मागाहून जोडलेला, अशा गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. लाकडी पट्टीतून नेलेल्या जुन्या वायरिंगवरून घरात वीज कधी आली याचा अंदाज बांधताना, उपनगरांना वीज देणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ ची आहे, हे लक्षात असावे.

घराची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच काळजीपूर्वक पाहावी. बंगल्यामागील चिंचोळी हाऊस गल्ली, तिच्याकडे उघडणारा संडासाचा खालचा झरोका, वेगळा जिना आणि त्याच्या तळाची अंधारी खोली यांवरून घर चालवणाऱ्या, परंतु त्यात 'राहिले' असे कोणी न म्हणणाऱ्या माणसांचा माग लागतो. मैला वाहून नेणारे कामगार कोणत्या वाटेने येत आणि त्यांना कोणत्या पायरीपुढे येऊ देत नसत, हे नकाशावर दाखवता येते आणि दाखवावे. स्वयंपाकीण, माळी, गडी यांची नावे कागदात नसतात. विचारल्यावर वृद्धांना ती लगेच आठवतात, कित्येकदा मालकाच्या नावाहून लवकर.

माणसांकडे जाताना

आज उपनगरात जुन्या घराची चौकशी करणारा माणूस बिल्डरचा हस्तक असावा, अशी शंका पहिल्या क्षणी घेतली जाते, आणि ती अवाजवी नाही. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर मालक आणि भाडेकरू दोघेही तारखा आपापल्या सोयीने सांगतात. आपला हेतू प्रथम स्पष्ट करावा, कागदांच्या प्रती मागण्यापूर्वी नुसते ऐकावे, आणि एका पक्षाने दिलेला कागद दुसऱ्याला कधीही दाखवू नये.

'तुम्ही येथे कधी आलात' या प्रश्नाला नेमके उत्तर मिळत नाही. स्मरणाला आधार द्यावा लागतो. १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतील स्फोटाचा आवाज या घरात ऐकला होता का. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने भांडी वाजली तेव्हा शेजारच्या खोलीत कोण होते. १९७१ च्या युद्धात काचांना काळा कागद कोणी चिकटवला. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर सगळी चाळ कोणाच्या घरी जमत असे. २६ जुलै २००५ ला पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले. शेवटचा प्रश्न आणखी एका कारणाने विचारावा: कित्येक घरांचे कागद त्या रात्रीच्या पाण्यात गेले, आणि काय गेले याची यादी हीदेखील नोंदच आहे.

स्त्रियांचा माग काढताना विशेष दक्षता हवी. विवाहानंतर आडनावच नव्हे तर नावही बदलण्याची रीत असल्यामुळे शाळेच्या दाखल्यातील मुलगी, लग्नपत्रिकेतील वधू, फेरफारातील 'कोम' आणि घरातली 'काकू' या चौघी एकच असू शकतात. याउलट, पहिली पत्नी वारल्यावर आलेल्या दुसरीला पहिलीचेच नाव ठेवलेले असेल, तर दोन स्त्रिया कागदावर एक होतात. मुलांच्या वयांतील अंतर आणि श्राद्धाची तिथी यांवरून हा गुंता सुटतो. माहेरची बाजू शोधून त्या घरी जावे. सासरी न राहिलेली पत्रे आणि छायाचित्रे तेथे असतात. छायाचित्रात माणसांच्या मागची भिंत, खिडकी, अंगणातील झाड पाहावे, आणि मागील बाजूचा स्टुडिओचा शिक्का उतरवून घ्यावा.

वांद्रे, कुर्ला, मरोळ यांसारख्या जुन्या गावठाणांतील ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची रजिस्टरे कित्येकदा महसुली दप्तराच्याही मागे जातात; त्यांतील जुना भाग लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत आहे आणि ती पाहण्यासाठी धर्मगुरूंची परवानगी लागते. पार्ल्यासारख्या वस्तीत टिळक विद्यालय १९२१ चे आणि लोकमान्य सेवा संघ १९२३ चा असल्यामुळे अशा संस्थांचे वार्षिक अहवाल, देणगीदारांच्या याद्या आणि स्मरणिका यांत घरांची नावे पत्त्यासह सापडू शकतात. मतदारयाद्या १९५१-५२ च्या निवडणुकीपासून घरक्रमांकानुसार जातात. त्यांतील वये मात्र अंदाजे समजावीत.

जे हाती येईल ते एका मोठ्या तक्त्यात वर्षानुसार मांडावे आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या कागदावरून किंवा कोणाच्या तोंडून आली ते लिहावे. जमीन, इमारत आणि माणसे यांचे रकाने वेगळे ठेवावेत. एका रकान्यातील तारीख दुसऱ्यात ढकलण्याचा मोह येथेच आवरता येतो. दोन साक्षी परस्परविरुद्ध असतील तर त्यांची सरासरी काढू नये, दोन्ही जशाच्या तशा ठेवाव्यात. दत्तकविधान, वेडाचे आजार, घर सोडून गेलेली मुलगी, अशा गोष्टी संबंधित कुटुंबाच्या संमतीविना लिहू नयेत, आणि हयात व्यक्तींच्या बाबतीत तर मुळीच लिहू नयेत.

घर पाडायचे ठरले असेल तर हा सारा क्रम बदलतो. तेव्हा कचेऱ्या थांबू शकतात, कारण दप्तरे तेथेच राहणार आहेत. आधी प्रत्येक खोलीचे मोजमाप घेऊन नकाशा काढावा, आणि त्या नकाशावर कोणत्या खोलीत कोण कोण राहिले ते भाडेकरूंना समोर बसवून लिहून घ्यावे. लाकूड आणि लोखंड भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी तुळयांवरचे ठसे, कौलांची मागची बाजू, दारांवरील मुलांच्या उंचीच्या खुणा यांची छायाचित्रे घ्यावीत. आणि मजूर कोनाडे फोडू लागतील त्या दिवशी स्वतः हजर राहावे.